तुमचा प्रसाद आम्हाला का नाही?

माझ्या मुलीने पहिल्यांदा ख्रिस्तशरीर स्वीकारले, त्या रविवारी आमच्या शेजारच्या वहिनी आपल्या सासूबाईंना घेऊन चर्चमध्ये आल्या होत्या. दोघी ठेवणीतल्या रेशमी साड्या नेसून, चपला दाराशी काढून, पुढून तिसऱ्या बाकावर बसल्या. बाकीचे सगळे पायांत चपला-बूट घालून बसलेले पाहून सासूबाई जरा गोंधळल्या, पण आपल्या चपला त्यांनी बाहेरच राहू दिल्या. कम्युनियनची, म्हणजे फादरांच्या हातून ख्रिस्तशरीराची पातळ पांढरी चकती घेण्याची, वेळ झाली, बाकांवरची माणसे ओळीने उठू लागली, तशा या दोघीही उठल्या आणि रांगेत माझ्यामागे उभ्या राहिल्या. मला ते कळलेच नाही, कारण माझे सगळे लक्ष पांढऱ्या झग्यातल्या मुलीकडे होते. फादरांपुढे जाऊन वहिनींनी उजव्या हाताचा खळगा केला, त्याखाली डावा हात धरला, जसा आपण देवळात तीर्थ घेताना धरतो तसा. फादर म्हणाले, "ख्रीस्त का शरीर." वहिनी गप्प. यावर 'आमेन' म्हणायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. फादर क्षणभर थांबले, त्यांनी वहिनींच्या डोक्यावर हात ठेवून हळू आवाजात आशीर्वाद दिला, सासूबाईंनाही दिला, आणि रांग पुढे सरकली. दोघी रिकाम्या हातांनी जागेवर येऊन बसल्या.

घरी परतताना रिक्षात वहिनींनी विचारले, "ताई, रागावून नाही हो विचारत, पण तुमचा प्रसाद आम्हाला का नाही?"

"नियमच आहे तसा," मी म्हणाले.

बँकेच्या काउंटरवर निम्मे आयुष्य घालवलेल्या बाईला हेच उत्तर चटकन सुचते. ते खोटे नव्हते, पण ज्या बाईने आपल्या घरचा सत्यनारायण असो, गणपती असो की नुसती पुरणपोळी असो, पहिली ताटली आमच्या दारी पाठवल्याशिवाय स्वतः घास घेतला नाही, तिला हे उत्तर देणे मला आजही बोचते. या गोष्टीला वीसेक वर्षे झाली. वहिनींनी तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही. मीच तो बाळगून राहिले आहे.

घोटाळा थोडा शब्दाचाही होता. मी मूळची वसईची. आमच्याकडे मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीतून होतो आणि त्या पातळ पांढऱ्या चकतीला आम्ही ख्रिस्तशरीर म्हणतो. लग्नानंतर इंदूरला आले तेव्हा चर्चमधली भाषा हिंदी झाली आणि ख्रिस्तशरीराचा परमप्रसाद झाला. शब्द सुंदर आहे, यात शंका नाही. पण ख्रिस्तशरीर हा शब्द ऐकून परका माणूस दोन पावले मागे सरतो, आणि परमप्रसाद ऐकला की ओंजळ पुढे येते, कारण प्रसाद नाकारायचा नसतो आणि कोणाला नाकारायचाही नसतो. आपल्याकडे आरतीला वाटसरू जरी दाराशी थबकला तरी त्याच्या हातावर खडीसाखर पडते. तो कोण, कुठला, कशावर श्रद्धा ठेवणारा, हे कोणी विचारत नाही. रामबागेतल्या वाड्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या वहिनींना रांगेत उभे राहताना काही वावगे वाटले नाही, यात त्यांचे काय चुकले?

आणि खरे सांगायचे तर मिस्साचा अर्धा भाग प्रसादाच्या पद्धतीनेच चालतो. आम्ही भाकर आणि द्राक्षारस वेदीवर नेतो. जमिनीने दिलेले आणि माणसाच्या श्रमातून तयार झालेले हे अन्न तुझ्यापुढे ठेवत आहोत, असे धर्मगुरू म्हणतात. द्राक्षारसात पाण्याचा एक थेंब मिसळतात. इथपर्यंत तो नैवेद्यच आहे. परत जे मिळते तिथे मात्र वाट वेगळी होते. नैवेद्य दाखवलेला शिरा देवाच्या कृपेसह शिराच राहून आपल्याकडे येतो. इथे, कॅथलिक श्रद्धेनुसार, देणारा स्वतःच अन्न होऊन येतो. भक्ताने देवाला जेवू घालण्याऐवजी देवानेच स्वतःला भक्ताच्या ताटात वाढून घेतले, असे काहीतरी. हे वाक्य मी सहज लिहून गेले, पण ते सहज पचणारे नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू जेव्हा 'मी जीवनाची भाकर आहे' असे सांगून पुढे आपले शरीर खाण्याची भाषा करतो, तेव्हा ऐकणारे कुरकुरतात, हे बोलणे कठीण आहे म्हणतात आणि त्याच्या शिष्यांपैकी पुष्कळ जण त्याला सोडून निघून जातात. तिथल्या मूळ ग्रीकमध्ये खाण्यासाठी पुढे पुढे जे क्रियापद येते, ते चावून, कुरतडून खाण्याचे आहे. लोक निघून जात असताना त्याने हाक मारून 'अरे, मी उपमा देत होतो' असे म्हटले नाही. मला त्या प्रसंगात निघून जाणारी माणसे नेहमी जवळची वाटतात. त्यांनी निदान शब्द नीट ऐकले होते.

ती चकती बनते कशी, हे मी इंदूरलाच पाहिले. आमच्या ओळखीच्या एका सिस्टरांकडे, कॉन्व्हेंटच्या मागच्या खोलीत, हे काम चाले. गव्हाचे पीठ आणि पाणी, बस्स. मीठ नाही, तेल नाही, खमीर नाही. घावनाच्या पिठाइतके सरबरीत भिजवलेले हे पीठ दोन जाड, तापलेल्या लोखंडी तव्यांच्या मध्ये ओततात. वरच्या तव्यावर क्रुसाचे नक्षीकाम उलटे कोरलेले असते. वरचा तवा दाबला की कडेने फस्सकन वाफ निघते आणि मिनिटा-दोन मिनिटांत कागदासारखी पातळ, कोरडी पोळी तयार होते. ती लगेच कापायला गेले तर तिचा चुरा होतो, म्हणून त्या पोळ्या ओलसर फडक्याखाली ठेवून किंचित नरम करतात आणि मग पोकळ नळीसारख्या कापणीने टपाटप चकत्या पाडतात. उरलेल्या जाळीदार कातरणी एका पत्र्याच्या डब्यात जमा होतात. त्या मुलांना खाऊ म्हणून मिळतात.

गव्हाचा आग्रह कडक आहे. चर्चच्या कायदासंहितेच्या ९२४ व्या कलमात भाकर फक्त गव्हाची आणि ताजी असावी, द्राक्षारस द्राक्षांचाच असावा असे सांगितले आहे, आणि २०१७ साली रोमहून आलेल्या पत्रात ग्लुटेन पूर्णपणे काढलेली चकती चालणार नाही, अगदी कमी ग्लुटेनची चालेल, इतक्या बारकाईने ते पुन्हा स्पष्ट केले होते. माळव्याला याचे काही वाटणार नाही, इथे पोतीच्या पोती गहू घरात भरून ठेवण्याची रीत आहे. पण माझ्या आजीची भाकर तांदळाची होती. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असे ती म्हणायची, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे मातीच्या तव्यावर फुगणारी पांढरीशुभ्र तांदळाची भाकरीच असणार. गहू तिच्या वाडीत कधी पिकला नाही. तरीही वेदीवर गहूच, कारण जेरुसलेममध्ये यहुद्यांच्या वल्हांडण सणाच्या त्या रात्री येशूच्या शेवटच्या जेवणात जे होते तेच पुढे चालत आले. पूर्वी मला हा हट्ट वाटायचा. आता वाटते की हा आपण रचलेला विधी नाही, कोणाच्या तरी घरून निरोप म्हणून आलेला आहे, आणि निरोपातले शब्द निरोप्याने बदलायचे नसतात, एवढे भान त्यामुळे राहते.

त्या कातरणी मी एकदा कागदात बांधून वहिनींकडे नेल्या. मनात कुठेतरी जुनी रुखरुख होती. वहिनींनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "अगदीच अळणी आहे हो. हाच का तो?"

"तो नाही. हा त्याच्या आधीचा."

"म्हणजे नैवेद्य दाखवायच्या आधीचा?"

धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला वर्षभर घालवून जे समजावले गेले, ते वहिनींनी चार शब्दांत समजून घेतले. मग पुढचा प्रश्न ओघानेच आला: या कातरणीत आणि त्या चकतीत फरक काय? पुढे हाच प्रश्न विज्ञान शिकू लागलेल्या माझ्या मुलीनेही विचारला, की प्रयोगशाळेत तपासली तर काय निघेल? गव्हाचे पीठ निघेल, मी म्हणाले. चर्चनेही याहून वेगळे कधी सांगितलेले नाही. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने जो शब्द वापरला, तेराव्या शतकातच थॉमस अक्वायनस यांनी ज्याची तर्कशुद्ध मांडणी केली आणि १५५१ साली ट्रेंटच्या परिषदेने जो ठामपणे पुन्हा उच्चारला, त्या 'ट्रान्ससबस्टॅन्शिएशन' या शब्दाचा आशय असा की रंग, रूप, चव, वजन हे गुण जसेच्या तसे राहतात, आणि ती वस्तू मुळात जे आहे ते तत्त्व बदलते. मुलीला हे पटेना. तेव्हा मी बँकेतल्या माणसाचे उदाहरण दिले. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशेच्या नोटेचा कागद तोच होता, शाई तीच होती, गांधीजींचे चित्रही तेच होते. पण मध्यरात्र उलटली आणि ती नोट पूर्वीची नोट उरली नाही. मुलगी खूश झाली. मी मात्र नंतर खजील झाले, कारण उदाहरण लंगडे होते. नोटेचे मोल माणसांनी ठरवलेले असते आणि माणसेच ते काढून घेऊ शकतात. चकतीला आपण केवळ नवा अर्थ दिला, असे म्हणणे पुरेसे नाही, हे पोप पॉल सहावे यांनी १९६५ सालच्या परिपत्रकात स्पष्टच लिहिले आहे. आम्ही मानतो म्हणून ख्रिस्त तिथे आहे असे नव्हे. तो तिथे आहे म्हणून आम्ही गुडघे टेकतो. यापलीकडे मला समजावता येत नाही, आणि समजावता आले असते तर बहुधा गुडघे टेकण्याची गरजच उरली नसती.

तत्त्व कसे बदलते या प्रश्नावर माझे धर्मबांधव वाटेल तितका वेळ बोलू शकतात. मला स्वतःला वर्षानुवर्षे एका लहान क्रियेने जास्त धरून ठेवले आहे. प्रभूची प्रार्थना होते, लोक एकमेकांना हात जोडून शांती देतात, आणि त्या गडबडीत फादर वेदीवरची मोठी चकती दोन्ही हातांनी उचलून मोडतात. माइक जवळ असेल तर 'टक्' असा आवाज येतो. एक कण ते द्राक्षारसाच्या प्याल्यात टाकतात. बहुतेकांचे लक्ष नसते, कारण शेजाऱ्याकडे पाहून हसण्याची ती वेळ असते. पण सर्वांत जुने ख्रिस्ती लोक या सगळ्या विधीला 'भाकर मोडणे' असेच म्हणत असत. यूखरिस्त, म्हणजे ग्रीक भाषेत आभार मानणे, हे नाव नंतर रूढ झाले आणि मिस्सा तर त्याहून नंतर. लॅटिन मिस्साच्या शेवटी लोकांना जायला सांगणाऱ्या वाक्यातला तो शब्द आहे. येशूने भाकर घेतली, आभार मानले, मोडली आणि दिली. चार क्रियापदे आहेत, आणि तिसऱ्याशिवाय चौथे होत नाही. आपल्याकडे तर सोयरीक, मैत्री, पाहुणचार सगळे मोडलेल्या तुकड्यावरच चालते. अख्खी भाकरी कोणी कोणाच्या तोंडात घालत नाही.

येशूच्या या शेवटच्या जेवणाचा सर्वांत जुना लेखी वृत्तांत शुभवर्तमानांत नाही, प्रेषित पौलाने करिंथकरांना, म्हणजे ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, साधारण इसवी सन ५५ च्या आसपासचा. तो आला आहे तो एका भांडणाच्या निमित्ताने. करिंथमधली खातीपिती माणसे लवकर येऊन आपापले खाऊन-पिऊन घेत, कोणी तर्र होई, आणि काम संपवून उशिरा पोहोचणारी गरीब माणसे उपाशी राहत. पौल संतापून लिहितो की हे प्रभूचे भोजन नव्हेच, आणि मग 'हे माझे शरीर आहे, माझ्या स्मरणार्थ हे करा' ही त्या रात्रीची आठवण देतो. शरीर न ओळखता जो खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो, असे तो म्हणतो. ते शरीर चकतीतले की शेजारी उपाशी बसलेल्या माणसाचे, यावर पंडितांनी पुष्कळ लिहिले असेल. मला वाटते पौलाच्या रागाला दोन्ही एकच दिसत होती. आपल्या देशातही काही चर्चमध्ये जातीनुसार वेगळे बसवण्याची प्रथा कित्येक पिढ्या चालली, आणि त्याच वेळी त्याच वेदीवर तीच भाकर मोडली जात होती. करिंथकरांना नावे ठेवण्याआधी आम्ही हे आठवावे.

पण मग वहिनींना का नाही? पौलाच्या रागाकडे बोट दाखवून मी स्वतःशीच पुष्कळदा भांडले आहे. उत्तर जुने आहे. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये संत जस्टिन यांनी रोमन बादशहाला उद्देशून लिहिताना रविवारच्या या सभेचे वर्णन केले आहे: वाचन, प्रवचन, भाकर व पाणी मिसळलेला द्राक्षारस, लोकांचे 'आमेन', गैरहजर असलेल्यांकडे सेवकांकरवी पाठवलेला वाटा, अनाथ-विधवांसाठी जमवलेली मदत. त्यातच ते सांगतात की जो हे सत्य मानतो, ज्याचा बाप्तिस्मा झाला आहे आणि जो ख्रिस्ताने सांगितल्याप्रमाणे जगतो, त्यालाच यातून घेता येते. यातल्या तिसऱ्या अटीकडे पाहिले की मला आधी माझीच काळजी वाटते. रांगेतले ते 'आमेन' म्हणजे पावती नव्हे, ती संमती आहे. संत ऑगस्टिन नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना सांगत की वेदीवर जे पाहता ते तुम्हीच आहात. दाणे होतात, दळले गेलात, पाण्याने भिजवले गेलात, अग्नीने भाजले गेलात. आता जे आहात त्याला 'आमेन' म्हणा. म्हणजे चकती हातावर घेताना माणूस असे म्हणत असतो की मलाही असेच मोडा आणि वाटा. प्रसाद घेणाऱ्याकडून कोणी असले वचन घेत नाही. वहिनींना चकती न देण्यात त्यांना कमी लेखण्याचा भाग नव्हता. न मागितलेले कर्ज कोणाच्या नावावर चढवू नये, तशातली ती गोष्ट होती. हे मी त्या दिवशी रिक्षात सांगायला हवे होते. अर्थात, सांगितले असते तरी त्या रिकाम्या हातांचे काय, हा प्रश्न माझ्यापुरता उरतोच.

असे वचन शब्दशः पाळलेली एक बाई आमच्या या भागातली आहे, म्हणजे केरळात जन्मून इथली झालेली. सिस्टर रानी मारिया देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला भूमिहीन मजुरांमध्ये काम करत; सावकाराच्या पाशातून त्यांनी सुटावे म्हणून त्या झटत आणि त्यामुळे काही लोकांच्या डोळ्यांत सलत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्यांच्यावर चाकूने वार झाले. शरीरावर पन्नासहून अधिक जखमा होत्या. वय होते ४१. ती बातमी आली तेव्हा चर्चमध्ये कोणी मोठ्याने बोलत नव्हते. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. तो सुटून केरळला त्यांच्या घरी गेला तेव्हा त्यांच्या आईने त्याच्या हातांचे चुंबन घेतले. त्या हातांना आपल्या लेकीचे रक्त लागले आहे, म्हणून.

४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरच्या सेंट पॉल शाळेच्या मैदानावर कार्डिनल अँजेलो अमातो यांनी त्यांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरच्या, घोषित केले, तेव्हा मी त्या गर्दीत होते. माझ्यापुढे उदयनगरकडची एक आदिवासी म्हातारी रांगेत होती, पायांत काही नाही, हातावर गोंदलेले. तिने चकती तोंडात घातली आणि रांगेतून बाजूला होऊन तशीच मैदानात खाली बसली, डोक्यावरचा पदर चेहऱ्यावर ओढून. तिच्यामागची रांग तिला वळसा घालून जात राहिली. 'हे माझे शरीर आहे, तुमच्यासाठी दिलेले' हे वाक्य मी लहानपणापासून हजारो वेळा ऐकले असेल. ते दुसरे कोणी आपल्या तोंडाने, आपल्याबद्दल म्हणू शकते हे मला त्या मैदानात कळले.

२०२० सालच्या मार्चनंतर चर्च बंद झाले आणि मिस्सा मोबाइलवर आला. इंदूरमध्ये त्या दिवसांत रस्त्यावर चिटपाखरू नसे. मी मोबाइल देवघराच्या फळीवर, म्हणजे आमच्या क्रुसाशेजारी, टेकवून ठेवायची. शब्द सगळे कानांवर येत, गाणी येत, भाकर मोडल्याचा तो 'टक्' सुद्धा येई. मग फादर स्वतः घेत आणि आम्हाला मनोमन स्वीकारण्याची प्रार्थना म्हणायला सांगत. ती प्रार्थना चांगली आहे आणि तिच्यात खोटे काही नाही, पण पोटाला ते कळत असे. माझ्या आईच्या लहानपणी मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता मिस्साला जावे लागे. १९५७ साली तो उपास तीन तासांवर आला आणि १९६४ साली एका तासावर. इंदूरच्या रविवारी हा एक तासही सोपा नसतो, कारण चर्चच्या वाटेवर पोह्यांची कढई वाफाळत असते आणि वर भुरभुरायच्या जिरावन मसाल्याचा वास थेट नाकात शिरतो. त्या लॉकडाऊनमध्ये तो तासभराचा उपासही अर्थहीन झाला, कारण तो सोडायला काही नव्हते. आमचा धर्म किती जिभेचा, दातांचा आणि पोटाचा आहे हे मला तेव्हा उमगले. इतर सगळे दुरून करता येते, जेवणे दुरून करता येत नाही.

चर्च पुन्हा उघडले, तसे आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर नेण्यासाठी काही प्रापंचिकांना नेमण्यात आले, त्यांत मीही होते. सोनेरी मुलाम्याची एक छोटी डबी असते, शाईच्या जुन्या डबीएवढी. ती कापडी पिशवीत घालून गळ्यात अडकवायची आणि वाटेत कुठे थांबायचे नाही, उगाच गप्पा मारायच्या नाहीत. मरणाच्या दारात असलेल्याला जे शेवटचे ख्रिस्तशरीर देतात त्याला लॅटिनमध्ये व्हियाटिकम म्हणतात. म्हणजे वाटखर्च, प्रवासासाठी बांधून दिलेले. धर्मशिक्षणाच्या सगळ्या शब्दांत हा एकच असा आहे की ज्याचे मराठी करायला काही खटाटोप लागत नाही: शिदोरी.

माझे गुडघे आता जिने चढू देतात, पण रिक्षात चढ-उतर नको म्हणतात, म्हणून दर रविवारी वहिनी मला त्यांच्या स्कूटीवरून नेतात. गेली दोन वर्षे हे चालले आहे. गळ्यात डबी असताना मी बोलत नाही हे त्यांना माहीत आहे, त्यामुळे एरवी अखंड बोलणाऱ्या वहिनीही तेवढा वेळ गप्प राहतात. आमच्या वाटेवर एक आजी आहेत, मूळच्या नगरकडच्या, शाळेत शिकवत असत. आता त्यांना लेकीचे नाव आठवत नाही. आम्ही पोहोचलो की वहिनीच स्टुलावर पांढरे फडके पसरतात, मेणबत्ती लावतात आणि भिंतीला टेकून उभ्या राहतात. मी प्रार्थना सुरू केली की आजी एकही शब्द न चुकता ती पूर्ण करतात. 'तू माझ्या छपराखाली यावेस अशी माझी योग्यता नाही' हे म्हणताना तर हटकून वर छताकडे बघतात.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी मी चकती हातात धरून म्हटले, "ख्रिस्ताचे शरीर."

"आमेन," आजी म्हणाल्या आणि त्यांनी ती तळहातावर घेतली. एरवी लगेच तोंडात घालतात, त्या दिवशी बघत बसल्या. मग दोन्ही हातांच्या बोटांनी त्यांनी ती मधोमध मोडली. टक्. अर्धा तुकडा त्यांनी वहिनींपुढे धरला.

"घे गं बाई. उन्हाची आलीस, काही खाल्लं नसशील."

मला काय करावे ते सुचेना. हात पुढे करून तो तुकडा अडवायचा की आजींना समजावायचे, आणि समजावायचे तर नेमके काय? नियम मला पाठ होते. वहिनींनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्या पुढे आल्या, आजींच्या समोर खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

"आजी, माझा आज उपास आहे हो. तुम्हीच घ्या."

"बरं," म्हणून आजींनी दोन्ही तुकडे खाल्ले. त्यांच्या तळहातावर दोन-तीन बारीक कण राहिले होते. मी बोट ओले करून ते टिपले आणि तोंडात घातले. वहिनींनी मेणबत्ती विझवली, फडक्याची चारही टोके आत घेत ते घडी घातले, एक कणही खाली सांडू न देता, आणि माझ्या हाती दिले.

खाली कोपऱ्यावर पोहेवाल्याकडे गर्दी होती. डबी रिकामी झाली होती, आता थांबायला हरकत नव्हती. वहिनींनी स्कूटी स्टँडवर लावली आणि दोन प्लेटा सांगितल्या, त्यांच्या प्लेटीत सेव जरा जास्त.